हॉटेलांनी ‘सोय आहे’ म्हणू नये, मापे द्यावीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुटीनिमित्त आपल्या दैनिकाने काढलेली सहल पुरवणी वाचली. कोणत्या हॉटेलात पोहण्याचा तलाव आहे, कोठे कुत्र्याला सोबत नेता येते, कोठे जैन जेवण मिळते, ही माहिती प्रत्येक नावापुढे आवर्जून दिलेली आहे आणि ती उपयोगाचीही आहे. मात्र रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतात आणि न्हाणीघराचे दार किती रुंद आहे, हे एकाही नावापुढे आढळले नाही. यात पुरवणीचा दोष थोडा आहे, कारण ही माहिती खुद्द हॉटेलांच्या संकेतस्थळांवरही नसते. पुढील पुरवणीत आपण तसा रकाना घालावा, ही विनंती आहेच; परंतु विषय एका रकान्यात मावणारा नसल्याने जरा सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

ज्यांना चालणे, चढणे, वाकणे किंवा उकिडवे बसणे जमत नाही, अशा पाहुण्यांविषयी मी लिहीत आहे. व्हीलचेअर वापरणारे त्यांत आलेच, पण ते त्यांतील थोडे. गुडघ्याच्या वाट्या बदललेले, पक्षाघातानंतर एका बाजूने अशक्त झालेले, पार्किन्सनमुळे पाऊल अडखळणारे, पाय प्लॅस्टरमध्ये असलेले आणि निव्वळ वयामुळे जिन्याचा कठडा सोडू न शकणारे असे कितीतरी लोक सरकारी व्याख्येत दिव्यांग नसतात, तरीही तीन पायऱ्यांपुढे त्यांची सहल थांबते. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांग म्हणून नोंदलेल्या व्यक्ती 29 लाखांहून अधिक होत्या आणि देशात साठी ओलांडलेले नागरिक 10 कोटींच्या वर होते. त्यानंतर हा दुसरा आकडा वाढतच गेलेला आहे. तेव्हा हॉटेलवाल्यांनी ‘असे गिऱ्हाईक येतेच कुठे’ असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. ते येत नाही, कारण त्याला येता येत नाही. आणि ते एकटेही नसते, त्याच्यामागे त्याचे अख्खे कुटुंब घरी थांबते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलींचे आरक्षण गेली काही वर्षे माझ्याकडे आहे आणि संधिवातामुळे माझ्या पत्नीला घराबाहेर व्हीलचेअर आणि घरात वॉकर लागतो, त्यामुळे हॉटेलांना दूरध्वनी करणे हा माझा जणू जोडधंदाच झाला आहे. ‘लिफ्ट आहे का’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘आहे’ असे उत्तर मिळते आणि ते खोटे नसते. लिफ्ट असते, पण ती रस्त्याच्या पातळीवर सुरू होत नाही. तळाला वाहनतळ, त्यावर अर्धा मजला चढून स्वागतकक्ष आणि तेथून लिफ्ट, ही आपल्याकडील पर्यटनस्थळांवरच्या इमारतींची सर्वसाधारण रचना झाली आहे. वाहनतळ लागतोच, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोतेही उंच घ्यावे लागते, डोंगरउतारावर तर जागाच तशी असते. या सगळ्या अडचणी मला मान्य आहेत. माझे म्हणणे एवढेच की, लिफ्टच्या अलीकडे सात पायऱ्या असतील तर पायऱ्या चढू न शकणाऱ्याच्या दृष्टीने त्या हॉटेलात लिफ्ट नाही, आणि हे त्याला घरी बसल्या बसल्या कळले पाहिजे, सामानासकट दारात उतरल्यावर नव्हे. हीच गोष्ट वरच्या टोकालाही घडते. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत जाते आणि सकाळची न्याहारी मात्र त्याच्या वरच्या गच्चीत, शेवटचा जिना चढून. मग एकाची न्याहारी खोलीत झाकलेल्या ताटात येते आणि बाकीचे कुटुंब वर समुद्र पाहत डोसे खाते. कोणाचाच हेतू वाईट नसतो, पण सहलीचा निम्मा आनंद तेथेच संपतो.

उताराविषयी, म्हणजे रॅम्पविषयी, थोडे गणित सांगणे भाग आहे, कारण ते फार कमी लोक करून पाहतात. व्हीलचेअरसाठीच्या उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. जोते दोन फुटांचे असेल तर उतार चोवीस फुटांचा हवा, शिवाय वळण असल्यास मध्ये सपाट विसावा हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि पृष्ठभाग पावसात न घसरणारा हवा. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडेला जो गुळगुळीत ग्रॅनाइटचा सहा फुटी तुकडा दिसतो, तो सामानाच्या ट्रॉलीसाठी केलेला असतो. त्यावरून माणूस बसलेली खुर्ची वर ढकलायला दोन धडधाकट माणसे लागतात आणि खाली आणताना तर छातीत धडकी भरते. तरीही हॉटेलच्या यादीत ‘रॅम्प उपलब्ध’ अशी नोंद होते, कारण नोंद करणाऱ्याने त्यावरून कधी कोणाला नेलेले नसते. ज्यांच्याकडे चोवीस फूट जागाच नाही, त्यांनी हताश होण्याचेही कारण नाही. एक-दोन पायऱ्यांसाठी घडीचे अॅल्युमिनियमचे रॅम्प मिळतात, ते काउंटरमागे उभे करून ठेवता येतात. अधिक उंचीसाठी मागच्या, स्वयंपाकघराकडील दाराची पातळी बऱ्याचदा सोयीची असते. भाजीची आणि गॅसची गाडी तेथूनच आत येते. पाहुण्याला मागच्या दाराने नेणे शोभत नाही, असे एका व्यवस्थापकाने मला सांगितले होते. चार जणांनी उचलून पुढच्या दाराने नेणे शोभते, असे त्यांना वाटत असावे.

खरी परीक्षा न्हाणीघरात होते. आपल्याकडे खोलीचे दार तीन फुटांचे आणि न्हाणीघराचे दोन-सव्वादोन फुटांचे, असा जणू नियमच आहे. साधी व्हीलचेअर बाहेरून बाहेर 24 ते 26 इंच भरते. चाके स्वतःच्या हाताने फिरवणाऱ्याला दोन्हीकडे बोटांपुरती जागा आणखी लागते. दार नव्वद अंशांतच उघडत असेल तर त्या फळीची जाडीही मापातून वजा होते. म्हणजे चौकट सव्वादोन फुटांची असली तरी हाती जेमतेम पंचवीस इंच लागतात, आणि तेवढ्यात खुर्ची आत जात नाही. ती गेलीच तरी पुढे उंबरा असतो, त्यापुढे पाणी बाहेर येऊ नये म्हणून दीड-दोन इंच खाली घेतलेली फरशी, आणि आता अनेक ठिकाणी शॉवरच्या जागेभोवती काचेची भिंत, जिच्या फटीतून सडपातळ माणसानेच अंग चोरून आत जावे. दार आतल्या बाजूला उघडत असल्याने आत कोणी पडले, तर पडलेल्या माणसाचा देहच दाराला अडसर होतो. हे मी कल्पनेने लिहीत नाही. आमच्या संघातील एका गृहस्थांच्या बाबतीत दार बिजागऱ्यांतून काढावे लागले होते.

कोकणातील एका समुद्रकिनाऱ्यावरच्या चांगल्या, नव्या हॉटेलात आम्ही उतरलो होतो. ‘ज्येष्ठांसाठी सर्व सोयी’ असे जाहिरातीत होते, दूरध्वनीवरही तसेच सांगितले होते. न्हाणीघराच्या दारात खुर्ची अडली. तेव्हा तेथील मुलांनी भोजनगृहातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पत्नीला तिच्यावर बसवले आणि ती खुर्ची तिच्यासकट आत सरकवली. ओल्या, चकचकीत टाइल्सवर त्या खुर्चीचे मागचे दोन पाय फाकले. एका मुलाने वेळीच पाठ धरली म्हणून निभावले. कमोडशेजारी आधाराला काहीच नव्हते. टॉवेल अडकवण्याची पातळ दांडी तेवढी होती, आणि भिंतीतून उचकटून येण्यासाठीच ती बसवलेली असावी इतकी सैल. माणूस घाबरला की जे दिसेल ते धरतो, म्हणून ती दांडी नसती तर बरे झाले असते. व्यवस्थापक मनापासून म्हणाले, ‘काका, काळजी करू नका, काही लागलं की बेल मारा, आपली पोरं उचलून नेतील.’ पोरे खरोखर चांगली होती. पण रात्री दोन वाजता लघवीला जाण्यासाठी परक्या तरुणांना बोलावून स्वतःला उचलून घ्यावे, हे साठी-सत्तरीच्या बाईने कसे मान्य करावे? तिने त्याचा तोडगा असा काढला की, संध्याकाळपासून पाणी पिणेच बंद केले. सहलीला निघालेल्या अनेक वृद्ध स्त्रिया हेच करतात आणि त्याविषयी बोलत नाहीत; डॉक्टरांना विचाराल तर त्याचे परिणाम ते सांगतील.

त्या न्हाणीघरातील चुका खर्चिक नव्हत्या, हे मला अधिक खुपते. न घसरणारी फरशी चकचकीत फरशीहून महाग असलीच पाहिजे असे नाही. नवे बांधकाम करताना न्हाणीघराचे दार तीन फुटांचे ठेवले तर वाढीव खर्च जवळजवळ नसतो; लागते ती नकाशा काढतानाची आठवण. जुन्या इमारतीत चौकट वाढवता येत नसेल तर दार बाहेर उघडेल असे फिरवता येते किंवा सरकते करता येते. कमोडच्या बाजूला आणि मागे स्टीलची पक्की दांडी बसवणे हे प्लंबरचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, फक्त ती पोकळ पत्र्याच्या भिंतीत किंवा नुसत्या टाइलमध्ये न ठोकता विटेत पक्की केली पाहिजे, कारण तिच्यावर पूर्ण देहाचा भार येतो. हातात धरायचा शॉवर, रबरी बुडांची आंघोळीची खुर्ची, बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर साबणाची खाच आणि एक कडी, एवढ्यात पुष्कळ भागते. पलंगाकडेही पाहावे. सामानाची पेटी असलेला पलंग आणि त्यावर दहा इंची गादी मिळून उंची अठ्ठावीस इंचांपर्यंत जाते, तर व्हीलचेअरची बैठक असते एकोणीस-वीस इंचांवर. ही आठ इंचांची चढण पार करताना कमरेचे हाड मोडण्याची भीती असते. एका खोलीत पातळ गादीचा साधा लाकडी पलंग ठेवणे कोणत्याही हॉटेलला अवघड जाऊ नये.

आता कायद्याविषयी. हे सगळे हॉटेलवाल्यांच्या दयाबुद्धीवर सोपवलेले आहे, असा बहुतेकांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला 2007मध्येच मान्यता दिली आणि त्या करारात पर्यटनाच्या जागा व सेवा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017पासून लागू आहे. त्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत जनता वापरते अशा खासगी इमारतीही येतात, व्यापारासाठीच्या आणि विरंगुळ्यासाठीच्या इमारती त्यात नावानिशी आहेत. कलम 44 म्हणते की, सुगम्यतेचे, म्हणजे इमारत दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता यावी यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी देऊ नये, आणि नियम पाळलेले नसतील तर पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. कलम 45ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून 2017मध्ये आले, म्हणजे ती मुदत 2022मध्येच उलटली. कायदा मोडल्यास पहिल्या खेपेस दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीतही उताराचे प्रमाण, लिफ्टच्या दाराची 900 मिलिमीटर रुंदी, बाहेर उघडणारे स्वच्छतागृहाचे दार अशा तरतुदी आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या तारांकित वर्गीकरणाच्या निकषांत तर दिव्यांग पाहुण्यासाठी किमान एक खोली, तिला आणि तिच्या न्हाणीघराला एक मीटर रुंदीचे दार, कमी उंचीचे सामान आणि आधाराच्या दांड्या असे बारीक वर्णन आहे.

तरतुदी असूनही हाती काही का लागत नाही, याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयानेच 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना दाखवून दिले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने असे म्हटले की, 2017च्या नियमांतील नियम 15 हा सुगम्यतेची मापे केवळ मार्गदर्शक सूचनांवर सोपवतो, त्यातून कोणतीही किमान सक्ती निर्माण होत नाही, आणि म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत आहे. किमान सक्तीचे नियम वेगळे काढून तीन महिन्यांत अधिसूचित करावेत, असा आदेश न्यायालयाने दिला. दंडाची तरतूद असूनही दंड कशाबद्दल करायचा हेच पक्के नसेल, तर नगरपालिकेचा अभियंता तरी काय करणार, हा प्रश्न यातून कळतो. अर्थात ‘नियम मोघम होता’ ही सबब नकाशा मंजूर करणाऱ्याला काही प्रमाणात लागू पडेल. दरवाजा 25 इंचांचा असताना ‘सर्व सोयी’ असे छापणाऱ्याला ती लागू पडत नाही.

माझा मुख्य मुद्दा येथेच आहे. राज्यातील सगळी हॉटेले उद्या बदलणार नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीतील जुने बंगले, कोकणातील घरगुती निवास, अक्कलकोट-तुळजापूरच्या गल्ल्यांतील लॉज यांतील बरीच ठिकाणे कधीच पूर्णपणे सुगम्य होणार नाहीत, आणि एखाद्या चार खोल्यांच्या घरगुती निवासाला लिफ्ट बसवायला लावणे हा अन्यायच होईल. पण खरी मापे जाहीर करायला एक मेजरिंग टेप आणि अर्धा तास पुरतो. गाडी जेथे उतरवते तेथपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, लिफ्टचे दार किती इंच, खोलीचे आणि न्हाणीघराचे दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती इंच उरते, न्हाणीघरात उंबरा किती उंच, कमोडशेजारी दांडी आहे की नाही, पलंग जमिनीपासून किती उंच, आणि भोजनगृहापर्यंत जिना आहे का; सोबत त्या न्हाणीघराचे एक छायाचित्र, फुलांच्या पाकळ्या न टाकता काढलेले. एवढे समोर असले तर घरचा माणूस आपल्या रुग्णाच्या क्षमतेशी ते ताडून पाहील. ज्याला चार पायऱ्या जमतात तो चार पायऱ्यांचे हॉटेल आनंदाने घेईल, ज्याला एकही जमत नाही तो दुसरे शोधेल. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर ‘व्हीलचेअरसाठी सुगम’ अशी जी बरोबरची खूण असते, तिच्यामागे कोणी काही मोजलेले असते असा माझा अनुभव नाही.

माथेरानसारख्या ठिकाणी तर मापे हॉटेलच्या बाहेरपासून द्यावी लागतील. तेथे खासगी वाहने दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. पुढे घोडा, ई-रिक्षा किंवा छोटी रेल्वे, आणि शेवटी लाल मातीची चढउताराची वाट. हॉटेल आतून कितीही सोयीचे असले, तरी तेथवर कसे पोचायचे, व्हीलचेअर कशात घालून न्यायची आणि रिक्षा फाटकापर्यंत येते की अलीकडेच थांबते, हे सांगितल्याशिवाय ती माहिती अपुरीच राहील.

दुसरा मुद्दा आरक्षणाचा. काही मोठ्या हॉटेलांत तारांकित दर्जासाठी एक सुगम्य खोली खरोखर केलेली असते. ती मागितली की मात्र ‘आल्यावर पाहू, रिकामी असली तर देऊ’ असे उत्तर मिळते. गर्दीच्या दिवसांत ती दुसऱ्या कोणाला दिलेली असते, एरवी तिच्यात जादा गाद्या रचलेल्या असतात. धडधाकट पाहुण्याला एक खोली नाही मिळाली तर दुसरी चालते. येथे दुसरी चालत नाही. अमेरिकेत 1990च्या दिव्यांगविषयक कायद्याखाली मार्च 2012पासून यावर नेमका नियम आहे. सुगम्य खोलीचे वर्णन पाहुण्याला स्वतः निर्णय घेता येईल इतक्या तपशिलाने देणे, त्या प्रकारच्या इतर सर्व खोल्या भरेपर्यंत ती राखून ठेवणे, आणि एकदा आरक्षित झाली की तीच खोली हमखास देणे, या तिन्ही गोष्टी तेथील हॉटेलांवर बंधनकारक आहेत. तेथील इमारती, पैसा आणि जागा आपल्याकडे नाहीत, हे उघड आहे. परंतु या तीन गोष्टींना जागाही लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आपल्या हॉटेलचालकांच्या संघटनांनी हे स्वतःहून स्वीकारले, तर त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

शासनाच्या हातात मात्र एक सोपी किल्ली आहे. राज्याने आतिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला आणि 1 एप्रिल 2021पासून वीज, पाणी, मालमत्ता कर अशा बाबतीत औद्योगिक दरांचा लाभ देऊ केला. जे हॉटेल सार्वजनिक सवलत घेते, त्याने आपल्या पायऱ्या आणि दारांची मापे पर्यटन संचालनालयाला लेखी कळवावीत आणि ती संचालनालयाने आपल्या संकेतस्थळावर मराठीतून प्रसिद्ध करावीत, ही अट घालणे अवघड नाही. मापे खोटी निघाली तर तक्रार कोठे करायची, हेही तेथेच लिहिलेले असावे. महाराष्ट्राने डिसेंबर 2022मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. त्या विभागाने आणि पर्यटन विभागाने एकत्र बसून एक पानाचा नमुना तयार करावा. सुरुवात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांपासून करता येईल. ती शासनाचीच आहेत, बहुतेक प्रशस्त जागेवर आहेत आणि कित्येक ठिकाणी बैठ्या बांधणीची आहेत. गोव्याने जानेवारी 2023मध्ये पणजीत दिव्यांगांसाठी ‘पर्पल फेस्ट’ भरवला. त्यामुळे पर्यटनावर जगणाऱ्या शेजारच्या राज्याने हा विषय निदान व्यासपीठावर तरी आणला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

देवस्थानांच्या भक्तनिवासांविषयी वेगळे लिहायला हवे, पण एक गोष्ट येथेच नोंदवतो. पंढरपूर, शिर्डी, शेगाव, गाणगापूर येथे जाणारा भाविक मोठ्या प्रमाणावर वृद्ध असतो, आणि तो वर्षातून एकदाच का होईना, जातोच. तळमजल्यावरील खोल्या वयानुसार द्याव्यात, ही साधी गोष्ट अनेक ठिकाणी होत नाही. जो आधी रांगेत उभा राहिला त्याला खालची खोली मिळते. रांगेत आधी उभा राहणारा हा साहजिकच पाय चांगले असलेला माणूस असतो.

शेवटी सुरक्षिततेचा एक प्रश्न, जो विचारल्यावर बहुतेक व्यवस्थापक गप्प होतात. आग लागल्यास लिफ्ट वापरू नये, जिन्याचा वापर करावा, अशी पाटी प्रत्येक हॉटेलात लिफ्टशेजारी असते. जिना उतरू न शकणारा जो पाहुणा तिसऱ्या मजल्यावर झोपलेला आहे, त्याने काय करायचे, हे त्या पाटीवर नसते आणि कर्मचाऱ्यांच्या कवायतीतही नसते. काही हॉटेलांत रात्री काउंटरवर एकच माणूस असतो आणि वर कोणत्या खोलीत असा पाहुणा आहे, हे त्याला ठाऊकही नसते, कारण नोंदवहीत ओळखपत्राचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, कोठून आलात आणि कोठे जाणार हे सगळे विचारले जाते, फक्त ‘आपणास जिना उतरण्यास मदत लागेल का’ हा प्रश्न नसतो. अग्निशमन दलाने ना हरकत दाखल्याच्या तपासणीत हा प्रश्न घालावा. हॉटेलांनी तर त्यासाठीही थांबू नये: अशा पाहुण्याला शक्य तेवढी खालच्या मजल्यावरील, जिन्याजवळची खोली द्यावी, त्याला खाली कसे आणायचे आणि कोणी आणायचे हे ठरवून ठेवावे, आणि रात्रपाळी बदलताना त्या खोलीचा क्रमांक पुढच्या माणसाला सांगावा.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)